सिलॅबसमध्ये संशोधन बसवायचं कसं : खान्देशातल्या कॉलेजवाल्यांसाठी

ज्या सरांचे पेपर जास्त छापून येतात त्यांच्या वर्गात पोरं जास्त शिकतात असं काही नसतं, आणि जे सर पेपर लिहीतच नाहीत ते भारी शिकवतात असंही नसतं. 1996 साली हॅटी आणि मार्श या दोन अभ्यासकांनी 58 अभ्यास एकत्र करून पाहिलं की प्राध्यापकाचं संशोधन आणि त्याचं शिकवणं यांचा एकमेकांशी संबंध किती, तर आकडा आला 0.06, म्हणजे जवळजवळ शून्यच. हा आकडा दाखवून काही लोक म्हणतात की बघा, दोन्ही कामं वेगळी, वेगळीच ठेवा. पण त्या दोघांचं म्हणणं तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की हा संबंध आपोआप लागत नाही, दोन्हींची गाठ पडेल अशा जागा विद्यापीठांनी मुद्दाम तयार केल्या पाहिजेत.

आणि अशी जागा म्हणजे सिलॅबस. प्रॅक्टिकलची यादी, इंटर्नलचे मार्क, फील्ड प्रोजेक्टचे दोन क्रेडिट. रिसर्च सेलची पाटी लावून आणि वर्षाला एक वेबिनार घेऊन ते होत नाही.

आता एनईपीमुळे, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणामुळे, आपल्याकडे शब्द तर भरपूर आले, फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ओजेटी (कामाच्या जागी प्रशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), रिसर्च प्रोजेक्ट, पण होतं काय की फील्ड प्रोजेक्ट म्हणजे कुठल्यातरी डेअरीला नाहीतर बँकेला भेट, चार ग्रुप फोटो आणि झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बायंडिंग, त्यातला निम्मा मजकूर त्याच झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर मागच्या वर्षापासून पडलेला. खरं संशोधन म्हणे चौथ्या वर्षाला. यूजीसीच्या आराखड्यात चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात आणि मग 12 क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट. मला सांगा, शिरपूर, धडगाव, पारोळ्याच्या कॉलेजातली किती पोरं चौथ्या वर्षापर्यंत थांबतात? बरीचशी तीन वर्षांत डिग्री घेऊन नोकरीच्या, भरतीच्या नाहीतर शेतीच्या मागे लागतात. म्हणजे संशोधन चौथ्या वर्षात ठेवलं की ज्यांना ते कधीच मिळणार नाही अशीच पोरं जास्त. म्हणून ते पहिल्या सेमिस्टरपासून साध्या पेपरांमध्ये आलं पाहिजे, थोडं थोडं.

"पहिल्या वर्षाच्या पोरांना काय येतं" हे वाक्य स्टाफरूममध्ये हमखास येणार. अमेरिकेत 2008 पासून एसईए-फेजेस नावाचा कोर्स चालतो, त्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पोरं आपल्या आसपासची माती आणतात, त्यातून बॅक्टेरिया खाणारे नवे व्हायरस वेगळे काढतात आणि त्यांना नावंही देतात. आपल्याकडे तेवढी साधनं नाहीत हे मान्य, पण मुद्दा साधनांचा नाहीये, उत्तर कोणालाच माहीत नसलेला प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोराच्या हातात देता येतो हा आहे.

आधी स्वतःच्या सिलॅबसची झडती घ्या

मिक हीली नावाचे भूगोलाचे एक इंग्लिश प्राध्यापक आहेत, त्यांनी एक चार खान्यांची चौकट मांडली, ती मला कामाची वाटते. एका बाजूला बघायचं की पोरगं नुसतं ऐकतंय की स्वतः करतंय, दुसऱ्या बाजूला बघायचं की भर माहितीवर आहे की पद्धतीवर. चार खाने आपल्या केळीवर लावून बघू. रावेर-यावलच्या केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) येतो, आपले शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. बॉटनीच्या मॅडमनी वर्गात सांगितलं की हा व्हायरस माव्यामार्फत पसरतो आणि काकडीवर्गीय पिकांवरही राहतो, तर तो पहिला खाना, संशोधनाची माहिती सांगितली. शेतात रोगाची टक्केवारी कशी काढायची, झाडं कशी निवडायची हे शिकवलं तर दुसरा. पोरांना एक पेपर वाचायला दिला आणि यात सॅम्पल कमी घेतलंय का यावर भांडू दिलं तर तिसरा. आणि पोरं स्वतः मृग बागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या) चार-पाच प्लॉटमध्ये जाऊन झाडं मोजून आली, कांदे बागेशी (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीशी) तुलना केली, तर चौथा.

आता आपल्या विषयाचा सिलॅबस प्रिंट काढा, चार रंगांचे पेन घ्या आणि एकेका युनिटला रंग द्या. सगळं पान एकाच रंगाचं होणार, पैज लावा. मेथडॉलॉजीचा एखादा युनिट असेल तर दुसरा रंग थोडा दिसेल. सगळे युनिट चौथ्या खान्यात न्यायचे असं अजिबात नाही, व्याख्यानानेच नीट कळतात अशा कितीतरी गोष्टी असतात, पण एका पेपरमध्ये चारही रंग थोडे थोडे दिसले पाहिजेत आणि पहिल्या वर्षात चौथा रंग एकदा तरी दिसला पाहिजे. हे काम एकट्याने करू नका, डिपार्टमेंटची मीटिंग लावा, एका तासात होतं, आणि त्यातच लक्षात येतं की तीन पेपरमध्ये तोच तो युनिट फिरतोय.

आपल्या हातात नेमकं काय आहे

स्वायत्त कॉलेज असेल तर अभ्यास मंडळ तुमचंच आहे, तुम्ही सुदैवी. बाकीच्यांचा सिलॅबस जळगावला विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात ठरतो आणि तो आपण उद्या सकाळी बदलू शकत नाही. पण इंटर्नलचे मार्क कशावर द्यायचे, प्रॅक्टिकलला सॅम्पल कुठलं आणायचं, फील्ड प्रोजेक्टचा विषय काय, आयकेएसच्या पेपरमध्ये उदाहरणं कुठली घ्यायची, हे बऱ्यापैकी आपल्याच हातात असतं. सुरुवात तिथून करायची. वर्षभर चालवून बघायचं, नोंदी ठेवायच्या, आणि मग अभ्यास मंडळाकडे जायचं. नुसती कल्पना घेऊन गेलं की "बघू" असं उत्तर मिळतं, पोरांच्या वह्या घेऊन गेलं की लोक पानं उलटायला लागतात.

प्रश्न कसा निवडायचा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. माझे निकष साधे आहेत. उत्तर गुगलवर नको. एका क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला किंवा फील्डवर्कला सेमिस्टरमध्ये 30 तास मिळतात, त्यात बसलं पाहिजे. एसटीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता आलं पाहिजे, मुलींच्या घरून परवानगीचा प्रश्न असतो तो धरूनच. आणि "फरक काहीच दिसला नाही" असं उत्तर आलं तरी ते उत्तर म्हणून चाललं पाहिजे.

या निकषात बसणारे विषय आपल्याकडे रानोमाळ पडलेत. फिजिक्सवाल्यांनी बघा, आपल्याकडे अजून धाब्याची घरं आहेत, पत्र्याची आहेत, स्लॅबची आहेत, आणि मार्च-एप्रिलला ऊन काय असतं ते सांगायला नको. एकाच गल्लीतल्या तीन प्रकारच्या घरांत साधा डिजिटल थर्मामीटर ठेवून सकाळ-दुपार-रात्र नोंदी घेतल्या तर उष्णतेच्या वहनाचा आख्खा युनिट त्यात येतो, आणि रात्री कुठलं छप्पर उशिरापर्यंत गरम राहतं याचं उत्तर पोरांना आधी माहीत नसतं, माहीत आहे असं वाटत असतं फक्त. भूगोल किंवा इतिहासवाल्यांसाठी पांझरेवरची फड पद्धत आहे, कितीतरी पिढ्या जुनी, बंधाऱ्याचं पाणी पाटाने आणायचं, शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाटकऱ्याने पाणी द्यायचं. कुठल्या बंधाऱ्यावर हे अजून चालू आहे, कुठे बंद पडलं आणि कशामुळे, विहिरी झाल्या म्हणून की ऊस आला म्हणून की माणसं मिळेनात म्हणून, हे एका गावाचं एका ग्रुपने केलं तरी पाच वर्षांत एक नकाशा तयार होतो. कॉमर्सवाल्यांनी नंदुरबारच्या मिरची पथारीवर जावं, ओली मिरची येते ती सुकून किती उरते, मजुरी कशी ठरते, पाऊस आला तर नुकसान कोणाच्या माथी. मराठीवाल्यांना तर सांगायलाच नको, अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, कानबाईची गाणी, घरात आजी बसलेलीच आहे.

गणित आणि आयकेएससाठी एक खास गोष्ट. चाळीसगावजवळ पाटण्याला 1207 सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून मठ काढला, त्याला दान मिळालं, त्याची ती नोंद. म्हणजे ग्रंथ शिकवायचा, त्यासाठी जागा हवी आणि पैशाची सोय हवी, हे आठशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात कोणीतरी कागदावर नव्हे तर दगडावर आणलं होतं. आयकेएसच्या पेपरमध्ये आपण "भास्कराचार्य थोर होते" एवढं सांगून पुढे जातो. त्यापेक्षा पोरांना शिलालेखाचं भाषांतर द्या आणि विचारा, यातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही? मठ होता हे होतं. भास्कराचार्य स्वतः इथे राहत होते, हे एवढ्यावरून होतं का? त्यांच्या विज्जलविड गावाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेतच. पुरावा तोलणं शिकवायला यापेक्षा बरा धडा मला तरी माहीत नाही, आणि त्याला खर्च शून्य.

एक प्रॅक्टिकल उलगडून बघू

केमिस्ट्रीच्या सिलॅबसमध्ये ईडीटीए टायट्रेशनने पाण्याचा कठीणपणा काढायचं प्रॅक्टिकल बहुतेक ठिकाणी असतं. लॅब असिस्टंट एक बाटली तयार ठेवतो, पोरं रीडिंग घेतात, शेजाऱ्याचं रीडिंग बघून आपलं जुळवतात आणि जर्नलवर सही होते. सिलॅबसचा एक शब्दही न बदलता हेच प्रॅक्टिकल चौथ्या खान्यात जातं, फक्त पाणी गावाहून आणायचं.

वीस जणांची बॅच असेल तर पाच-पाचचे चार ग्रुप. पहिल्या आठवड्यात टायट्रेशन नको, प्रश्न ठरवा. पोरं घरी जाऊन आईला, शेजारच्या नानांना विचारतात आणि कोणीतरी सांगतंच की "आमना बोरना पानीमा डाय शिजत नही". झाला प्रश्न. त्याच गावात विहिरीचं पाणी आणि बोरचं पाणी यात कठीणपणाचा फरक आहे का? खोल बोर आणि उथळ बोर यात आहे का? डाळ जिथे शिजत नाही तिथे आकडा खरंच जास्त येतो का? ग्रुपने एकच प्रश्न घ्यायचा आणि उत्तर काय येईल असं वाटतं ते वहीत आधीच लिहून तारीख टाकायची.

दुसऱ्या आठवड्यात सॅम्पल कसं घ्यायचं ते शिकवा, कारण पुढची सगळी बोंब इथेच होते. स्वच्छ प्लास्टिकची बाटली, त्याच पाण्याने तीनदा खंगाळायची, बोर असेल तर काही मिनिटं पाणी वाहू द्यायचं, एकाच ठिकाणच्या दोन बाटल्या भरायच्या, त्यावर तारीख, वेळ, ठिकाण, खोली विचारून लिहायची. कोल्ड्रिंकची बाटली चालते पण नीट धुतलेली. मग लॅबमध्ये 50 मिली पाणी, पीएच 10 चा बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, 0.01 मोलर ईडीटीए, वाइन रेडचा निळा झाला की थांबायचं, आणि जेवढे मिली लागले त्याला 20 ने गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅम कठीणपणा मिळतो. तीन रीडिंग जुळेपर्यंत करायचं. यानंतरची युक्ती महत्त्वाची, दुसरी बाटली नुसता कोड टाकून दुसऱ्या ग्रुपला द्यायची, त्यांना गाव सांगायचं नाही. दोन ग्रुपचे आकडे जुळले नाहीत की मग जे भांडण लागतं ना, त्या भांडणात पोरं एरर शिकतात, पुस्तकातल्या व्याख्येने शिकत नाहीत.

आकडे आले की भारतीय मानकाशी ताडून बघायचे, आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा 200 पर्यंत ठीक, दुसरा पर्यायच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आणि इथे पोरांना सक्त ताकीद द्या की गावात जाऊन "तुमचं पाणी खराब आहे" असं सांगत फिरायचं नाही. कठीणपणा म्हणजे सगळं पाणी नाही, आपण जंतू तपासले नाहीत, नायट्रेट तपासलं नाही. जे मोजलं तेवढंच सांगायचं, ते गावच्या भाषेत, ग्रामपंचायतीत एक पान देऊन.

पहिल्या सेमिस्टरला ऑक्टोबरमध्ये पावसाळ्यानंतरचं पाणी मिळतं, दुसऱ्या सेमिस्टरला मार्चमध्ये त्याच विहिरीचं उन्हाळ्याकडचं. पुढच्या वर्षीची बॅच तिथूनच पुढे. आपल्याकडच्या बहुतेक प्रोजेक्टमध्ये हाच धागा नसतो, दरवर्षी नवा विषय, नवा गठ्ठा, आणि जुना गठ्ठा रद्दीत.

मार्क कशाला द्यायचे

निकालाला देऊ नका. निकालाला मार्क ठेवले की पोरं निकाल बनवतात, त्यात त्यांचा दोष कमी आणि आपला जास्त. 20 मार्क असतील तर मी असे वाटेन : रोजची कच्ची वही 6, चुकांचं आणि न जुळलेल्या आकड्यांचं स्पष्टीकरण 5, प्रश्न आणि तो का घेतला 4, तोंडी 5. कच्ची वही म्हणजे कच्चीच, खाडाखोड असलेली, पाण्याचे डाग पडलेली. फेअर करून आणलेली वही परत पाठवा. दर आठवड्याला वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायला लावा, शेवटच्या रात्री सगळं लिहून काढायची सोयच उरत नाही. झेरॉक्सवाला आणि चॅटजीपीटी या दोघांवरही हाच इलाज, कारण तुमच्या गावच्या तिसऱ्या बोरचं मार्चमधलं रीडिंग दोघांकडेही नाही. रिपोर्टची भाषा सुधारायला कोणी एआय वापरला तर माझी ना नाही, पण तोंडीला त्याला विचारा की हे रीडिंग बाकीच्यांपेक्षा वेगळं का आलं.

जिथे सांभाळून राहायचं

माणसांवरचं काम असेल तर परवानगी आधी. गाणी रेकॉर्ड करायची असतील तर आजीला सांगून, ती कुठे ठेवणार ते सांगून, आणि नाव छापायचं की नाही ते तिने ठरवायचं. मोबाईल नंबर, आधार यातलं काही गोळा करायचं नाही. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा विषय पोरांना घ्यावासा वाटतो, उत्साह चांगला आहे, पण कोणाला आजार आहे याच्या याद्या करणं हे दोन क्रेडिटचं काम नाही, एथिक्स कमिटी आणि आरोग्य विभागाशिवाय त्याला हात लावू नका. त्याऐवजी तपासणी केंद्रापर्यंत पोचायला कुठल्या पाड्यावरून किती वेळ लागतो हे मोजा, तेही संशोधनच आहे आणि कोणाची खाजगी गोष्ट उघडी पडत नाही.

दुसरी अडचण माणसांची. बऱ्याच जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे सर चार कॉलेजं फिरतात, त्यांना तासाचे पैसे मिळतात, शनिवारी गावात जाण्याचे मिळत नाहीत. त्यांच्या जिवावर असा कोर्स उभा करू नका, ते अन्यायाचं होईल. फील्डचे तास टाइमटेबलमध्ये वर्कलोड म्हणून दाखवता येत असतील तरच त्यांना घ्या, नाहीतर कायम स्टाफने करावं आणि ग्रुप कमी ठेवावेत. सगळ्या पेपरांत एकदम सुरू करणाऱ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षी काही उरत नाही, एका पेपरपासून करा.

आणि सरांनो, मॅडमनो, तुमची स्वतःची पीएचडी कपाटात आहे ना? प्रमोशनच्या फाइलपुरती ती बाहेर निघते. तिच्यातला एक छोटा, अर्धवट राहिलेला प्रश्न काढा, गाइडने "हे नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवायला लावलेला, आणि तोच पोरांना द्या. तुम्हाला त्यातले खड्डे माहीत असतात, पेपर वाचलेले असतात, आणि पोरांना पहिल्यांदा कळतं की सरांनाही उत्तर माहीत नसतं.

अभ्यास मंडळाकडे जाताना

वर्षभराच्या वह्या, आकड्यांची शीट आणि एक पानाचा प्रस्ताव, एवढंच न्या. "विद्यार्थ्यांमध्ये संशोधनवृत्ती रुजवणे" असली वाक्यं टाळा, ती प्रत्येक सिलॅबसमध्ये आधीच आहेत आणि त्यांनी काही रुजलेलं नाही. युनिटमध्ये काय करायचं ते क्रियापदात लिहा. उदाहरणार्थ : "परिसरातील किमान दोन जलस्रोतांचे नमुने घेणे, दुबार चाचणी करणे, मागील बॅचच्या नोंदींशी तुलना करणे व न जुळणाऱ्या नोंदींचे कारण लिहिणे." असं लिहिलं की परीक्षकाला काय विचारायचं ते कळतं आणि पळवाट कमी होते. तास लिहा, ग्रुपचा आकार लिहा, खर्च लिहा. विषयाची सक्ती मात्र करू नका, "जलस्रोत किंवा माती किंवा खाद्यतेल" असा पर्याय ठेवा, कारण शहाद्याला जे सोपं ते भुसावळला असेलच असं नाही.

चांगले झालेले एक-दोन ग्रुप आविष्कारला, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला, पाठवा, पोस्टर करताना त्यांना आपलं काम परक्या माणसाला तीन मिनिटांत सांगावं लागतं. पण कोर्स आविष्कारसाठी चालवू नका, नाहीतर दोन हुशार पोरांवर सगळ्यांचं लक्ष आणि बाकीची अठरा बाटल्या धुण्यापुरती.

शेवटचं काम एप्रिलमध्ये, परीक्षा लागायच्या आत. सगळ्या ग्रुपचे आकडे एकाच एक्सेल शीटमध्ये, पहिल्या ओळीत प्रत्येक कॉलम म्हणजे काय ते, सोबत एका पानावर सॅम्पल कसं घेतलं, काय चुकलं, कुठल्या विहिरीवर कोणाला विचारून जायचं. फाइलच्या नावात वर्ष आणि पेपरचं नाव टाका, "फायनल नवीन फायनल 2" असलं काही नको. ती कुठल्या एका सरांच्या पेन ड्राइव्हमध्ये नको, डिपार्टमेंटच्या मेलच्या ड्राइव्हवर ठेवा, एक प्रिंट लॅबच्या रजिस्टरला लावा, आणि जूनमध्ये नवी बॅच आली की पहिल्या तासाला तीच शीट त्यांच्यासमोर टाका आणि विचारा की यातल्या कुठल्या आकड्यावर तुमचा विश्वास बसत नाही.